आबांसाठी अखंड मांडी

तमाम आप्तेष्टांस, शेजाऱ्यांस आणि ज्यांच्या ज्यांच्या नाकापर्यंत वास पोचला त्या सर्वांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला एक नियम गेल्या हिवाळ्यात, भर रविवारी, जळगावच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात मी मोडला. मी बोकडाची मांडी न तोडता अखंड शिजवली. आणि तीही रश्श्याशिवाय!

या गुन्ह्याने ज्यांच्या अंगावर काटा आला नाही, ते खान्देशाबाहेरचे असणार. आमच्याकडे मटण म्हणजे रस्सा. काळ्या मसाल्याचा, वर बोटभर तेलाचा तवंग असलेला. त्यात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी चुरायची, नाक पुसायचं आणि पुन्हा वाढून घ्यायचं. फोड हाताला लागली तर आनंद, नाही लागली तर तक्रार नाही.

हा रस्सा धुळ्याच्या घरी आबा करायचे, माझे वडील. आईने मटणाला स्वयंपाकघरात कधी येऊ दिलं नाही, त्यामुळे घरामागे तीन विटांची चूल होती आणि मटणाची भांडी वेगळी. आठवडाभर कचेरीत मान खाली घालून बसणारा हा माणूस रविवारी बनियनवर त्या चुलीपुढे बसला की संस्थानिक दिसायचा. सुकं खोबरं थेट निखाऱ्यावर टाकायचा, कांदे राखेत भाजायचा. आई दारात उभी राहून नाकाला पदर लावायची आणि तिथूनच सांगायची, "मीठ कमी पडेल हो." चव न घेता! आणि मीठ कमीच असायचं. आता आई नाही, ती चूलही नाही. पण खोबरं जळल्याचा वास कुठूनही आला तरी मी आठ वर्षांचा होतो आणि हातात थाळी घेऊन उभा राहतो.

तर, मागच्या वर्षी आबांचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी केली. ती स्टीलच्या पेल्यात पडून असते. "बैलना तोंडले मुसकं बांधतस तशी शे," हा आबांचा अभिप्राय. मग त्यांनी जाहीर केलं की मटणावरून मन उडालं. लोक म्हणाले, वय झालं, बरंच झालं. मीही तेच म्हणालो. पण दिवाळीनंतर धुळ्याला गेलो असताना पंगतीत मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी हळूच मटणाची एक फोड तोंडात टाकली. या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात. मग इकडेतिकडे पाहून ती काढली आणि भाकरीच्या काठाखाली सरकवली. मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं. "पानी दे," म्हणाले.

त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही. त्यांचं मन उडालेलं नव्हतं. या माणसाच्या तोंडात पुन्हा मटणाचा घास जायलाच हवा होता, आणि तोही कुणी कीव केल्याचं त्यांना न कळता.

म्हणून ही मांडी, तासन्‌तास वाफेवर ठेवून दाताविना तुटेल इतकी मऊ करायची. आबा आणि माझी थोरली बहीण, आमची अक्का, आठ दिवस राहायला जळगावला आले आणि मी मटणवाल्या चाचांकडे गेलो. कोवळ्या बोकडाची मागची मांडी मागितली. त्यांनी सुरा उचलला. मी ओरडलो, "तोडू नका!"

चाचा थबकले. "घरी सब ठीक है ना?"

मांडीला खोल चिरा दिल्या. दही, आलं-लसूण, काळा मसाला आणि सालासकट वाटलेली कच्ची पपई चोळून ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. बायकोने दूध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये हलवलं आणि माझ्याशी बोलणं कमी केलं. सकाळी अंगणात तीन विटा मांडल्या. मोठ्या पातेल्यात तळाला केळीची पानं, त्यावर मांडी, वर पुन्हा पानं, आणि झाकणाच्या कडेने कणीक.

"पानी?" अक्का.

"नाही."

"थेंबभर भी नही? मंग भाकरी कसामा चुरू, तुन्हा डोकामा?"

आबा दूर खुर्चीत पेपर धरून बसले होते. "मन्हं काय नही त्यामा. मी वरणभात खाईन." पेपरचं पान मात्र कधीपासून उलटलं नव्हतं.

दोन तास झाले. पुढच्या दाराशी शेजारी आले आणि त्यांना मी या प्रयोगाची कथा, हातवाऱ्यांसह, सांगू लागलो. ती जरा लांबली. मागून करपल्याचा वास आला तसा पळालो.

आबा चुलीपुढे उकिडवे बसले होते. स्वेटर खुर्चीवर, अंगात बनियन. जळती लाकडं बाहेर ओढून विझवलेली, खाली नुसती धग, आणि निखारे उचलून झाकणावर मांडलेले.

"इतला जाळ?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मांडी शिजाडी राहिना का इटा भाजी राहिना?"

मी वाद न घालता बाजूला झालो. आयुष्यात क्वचित जमलेली गोष्ट. पुढचे दोन तास चूल त्यांची होती. मला फक्त "सरक" एवढाच हुकूम मिळत होता.

शेवटी त्यांनीच कणीक फोडली. वाफ निघाली. तळाची पानं काळी पडली होती, पण मांडी शाबूत होती आणि मांस हाडावरून आपणहून सुटत होतं. शिजलं का हे बघायला आबांनी दोन बोटांनी चिमूटभर मांस उचललं, फुंकर मारली आणि पन्नास वर्षांच्या सवयीने सरळ तोंडात टाकलं.

मग त्यांच्या लक्षात आलं, तोंडात दात नाहीत. जबडा थांबला. अक्काने माझा दंड घट्ट धरला. मी पातेल्याकडे बघत राहिलो, त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

जबडा पुन्हा हलला. गिळल्याचा आवाज आला. दुसरी चिमूट. मग तिसरी, चांगली मोठी. मग पाट ओढून ते नीट बसले, पातेलं स्वतःकडे वळवलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बोकडले पाय ते चार ऱ्हातस ना रे? मंग बाकीना तीन कोठे गयात?"