सविताताईंचा जिताडा

रविवारी सकाळी पासिर रिसच्या किनाऱ्यावर सविताताई ठाकूर कमरेला कपडे धुवायचा प्लास्टिकचा टब बांधून गुडघाभर पाण्यात उभ्या असतात. पळायला आलेले लोक आधी हसतात, मग पळायचे थांबतात आणि बघत राहतात.

तो टब दोरी ठेवायला असतो. ओढून घेतलेली दोरी लाटेत पडली तर तिचा गुंता होतो, म्हणून ती टबात गोळा करायची. सविताताईंच्या गळाला वजन नसतंच. शेळीचे केस, एखादं पीस आणि चमकता धागा गुंडाळून केलेला बोटभर पुंजका असतो तो. ओला झाला की चिमुकल्या माशासारखा दिसतो. वजन असतं दोरीला. ती रॉडने आधी मागे फेकायची, हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. मागे थांबायचा तो क्षण फार लहान असतो, पण तेवढ्यात मी श्वास रोखून धरते. दोरी त्यांच्या डोक्यावरून लांबलचक वळण घेत जाते आणि तो पुंजका पाण्यावर असा टेकतो, की तिथे काही पडलं हे पाण्यालासुद्धा कळू नये.

हे करणारी बाई अठ्ठावन्न वर्षांची, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरी करणारी, आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकमध्ये माझ्या दोन मजले वर राहणारी. माझा मुलगा अनीश नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला, गेला आणि माझी झोप उडाली. पहाटे लिफ्टपाशी त्यांनी मला दोनतीनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "नीता, जागीच असतेस तर चल. निदान समुद्राकडे बघून काळजी कर." तेव्हापासून मी जाते. पाठीमागून कोणी मूल धावत येत नाही ना, आकाशात वीज नाही ना, हे मी बघते. एवढं काम मला चांगलं जमतं.

हे सगळं सविताताई बँकेतल्या कोह नावाच्या सहकाऱ्याकडून शिकल्या, बावन्नाव्या वर्षी. पण त्याची सुरुवात फार आधीची आहे. सविताताईंचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. खाडीकाठी शेत, शेताच्या कडेला तळं, तळ्यात जिताडे. तिकडे जिताडा म्हणजे मासा नव्हे, मान. जावयाला जिताडा, अडलेलं काम करून देणाऱ्या साहेबाला जिताडा. पण तो धरायचा पुरुषांनी. फेकजाळ्याला ते पाग म्हणतात आणि त्याला मुलींनी हात लावायचा नाही. दोन्ही भावांना वडिलांनी दहाव्या वर्षी पाग दिला. सविताताईंनी एकदा चोरून उचलला, तेव्हा वडिलांनी तो आठवडाभर वापरला नाही. मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त वापरला नाही.

"मारलं असतं तर बरं झालं असतं," एवढंच त्या एकदा म्हणाल्या.

इथे त्याच माशाला सीबास म्हणतात आणि हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर तो आल्याबरोबर वाफवलेला मिळतो. सहा वर्षांत सविताताईंनी गळावर इतर मासे बरेच धरले आणि सगळे परत सोडले. जिताडा मात्र एकदाही लागला नव्हता.

या जूनमध्ये त्यांचे वडील, आप्पा, तीन आठवड्यांसाठी आले. वय एक्क्याऐंशी, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी आणि लेकीनं घेतलेले नवे स्पोर्ट्स शूज. पहिल्या रविवारी टब बघून ते म्हणाले, "गो सविता, इथं पाणी नाय काय घरी, धुणं घेऊन आलीस?"

"आप्पा, बघा तर."

"पिसानं मासा धरणार? मासा काय कोंबडी हाय?"

त्या रविवारी काही लागलं नाही. दुसऱ्याही नाही. समोर समुद्रात मत्स्यशेतीचे पिंजरे दिसतात. आप्पा तिकडे बोट दाखवून म्हणाले, "मिळाला तरी त्या पिंजऱ्यातून सुटलेलाच असंल. आयत्या भाकरीवर वाढलेला." सविताताई हसल्या, पण घरी जाताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिल्या. आप्पांचं विमान तिसऱ्या सोमवारी होतं. म्हणजे एकच रविवार उरला होता. सविताताईंनी मला सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. आप्पांनी एकदा त्यांच्या हातात जिताडा बघावा, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या शेवटच्या रविवारी भरती चढत होती. एक ओढा समुद्राला मिळतो तिथे सविताताई उभ्या होत्या. अचानक लहान मासळी पाण्यावर उडाली आणि तिच्याखाली काहीतरी मोठं वळलं. एखाद्याने जड दार लोटावं तसा आवाज झाला. सविताताईंनी दोरी मागे घेतली.

तेवढ्यात माझ्या बाजूने एक नारळ उडत गेला आणि बरोब्बर तिथेच धपकन पडला.

आप्पा हात जोडून उभे होते. लेकीला यश यावं म्हणून लिटल इंडियातून नारळ आणून त्यांनी तो पिशवीत लपवून ठेवला होता. दर्याला मान दिल्याशिवाय त्यांनी जन्मात पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं.

"आप्पा!" सविताताईंचा आवाज फाटला. "तिथेच? आत्ताच?"

मी घाबरून आजूबाजूला बघितलं. इथे पाण्यात काही टाकलं तर दंड होतो. मी चप्पल काढून पाण्यात शिरले आणि तरंगत आलेला नारळ उचलून छातीशी धरला. परत वळले तर आप्पा टोपी काढून उभे होते. इतका ओशाळलेला म्हातारा मी पाहिला नव्हता.

सविताताई दोरी गुंडाळायला लागल्या.

"थांब," आप्पा म्हणाले. ते बुटांसकट पाण्यात उतरले आणि लेकीपासून हातभर अंतरावर थांबले. "जिताडा लांब नाय पळत. पाण्याचा रंग बदलतो ती रेघ बघ. गढूळ आणि निवळ. तो गढुळात दबून बसलाय. मासळी परत येऊंदे."

आम्ही उभे राहिलो. दहा मिनिटं असतील, वीस असतील. डोक्यावरून एक विमान चांगी विमानतळाकडे उतरत गेलं. मग रेघेवर पाणी थरथरलं.

"आता," आप्पा पुटपुटले.

दोरी मागे गेली, सरळ झाली, थांबली. पुढे आली. पुंजका रेघेच्या पलीकडे टेकला. सविताताईंनी ओढ घेतली, एक, दोन, आणि पाणी फुटलं.

तो मासा पूर्ण बाहेर आला. चांदीची परात कोणी उभी भिरकवावी तसा, जबडा उघडा, डोकं झटकत. कल्ल्यांचा खडखड आवाज मला किनाऱ्यावर ऐकू आला. रॉड अर्धगोल वाकला. टबातली दोरी सुसाट गेली. सविताताईंच्या बोटाला चीर पडली, पण त्या ओरडल्या नाहीत. आप्पांचे दोन्ही हात पुढे आले होते. ते त्यांनी मागे घेतले आणि पाठीवर एकात एक घट्ट धरून ठेवले.

शेवटी एका लाटेबरोबर सविताताईंनी तो वाळूपर्यंत सरकवून आणला. हातभराहून मोठा होता. त्याचा डोळा आतून निखारा ठेवल्यासारखा लाल दिसत होता. मी इतकी वर्षं हा मासा ताटात पाहिला होता, आणि हा जीव असा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

आप्पा वाकले. त्यांनी त्याचं शेपूट बोटाने उलगडून पाहिलं. "पिंजऱ्यातला नाय," ते म्हणाले. "जाळीला घासून जराबी झिजलेलं नाय शेपूट. दर्यातला हाय." मग नेहमीच्या सुरात, "पिशवी दे."

सविताताईंनी गळ काढला. पिशवीकडे बघितलंही नाही. त्यांनी मासा दोन्ही हातांनी पोटाखाली धरला, पाण्यात सरळ केला, कल्ले उघडमिट होईपर्यंत धरून ठेवला.

"काय करतेस गो?" आप्पा म्हणाले. "जिताडा सोडतात काय?"

"मी सोडते, आप्पा."

त्यांनी हात उघडले. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग नुसती सावली झाला, मग तीही नाही.

आप्पा वाळूवर बसले आणि बुटांतलं पाणी ओतत राहिले. सविताताई त्यांच्याकडे पाठ करून दोरी आवरत होत्या, आणि त्या वळत का नाहीत हे मला कळत होतं. तेवढ्यात आप्पांच्या फोनवर सविताताईंच्या एका भावाचा व्हिडिओ कॉल आला. उद्याच्या विमानाचं विचारायला केला होता. आप्पांनी फोन तोंडाजवळ धरला.

"सविताला जिताडा लागला," ते म्हणाले. "मोठा. आपल्या तळ्यात नाय एवढा." पलीकडून काही विचारलं गेलं. "नाय, फोटो नाय. सोडला तिनं." पुन्हा काही प्रश्न. आप्पांचा आवाज चढला. "अरे, तिनं धरला ना? मग तिचा मासा. ती ठरवंल, तू कोण इचारणारा?"

सविताताईंच्या हातातली दोरी टबात पडायची थांबली होती.