पेढ्याची पांढरीशुभ्र दाढी

ताई गेल्याचं मला सुनीताने कळवलं. सुनीता म्हणजे ताईच्या गाझियाबादच्या घरी दिवसभर भाऊजींना सांभाळायला येणारी बाई. मी नोएडात माझ्या घरी भाजी निवडत बसले होते. "दीदी, मैडम कुर्सी पर बैठे-बैठे चली गईं," एवढंच ती म्हणाली, आणि मग रडू आवरून, "और पेढा किसी को पास नहीं आने दे रहा..." मी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी ताईला पलंगावर निजवलं होतं आणि पेढा पलंगाखालून सगळ्यांवर गुरगुरत होता. पेढा हा कुत्रा. शिह त्झू जातीचा, जमिनीला टेकणारे केस, चपटं नाक आणि सोसायटीभर गाजलेली पांढरीशुभ्र दाढी. बाल्कनीतल्या दोरीवर त्याचे छोटे नॅपकिन वाळत होते. त्यातला एक अजून ओला होता, म्हणजे सकाळचं पुसून झालं होतं. पलीकडे चाकांच्या खुर्चीत भाऊजी बसले होते. त्यांच्या हनुवटीवर आदल्या संध्याकाळचं वरण वाळलेलं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. शोकसभेत दिल्लीच्या मराठी मंडळातल्या लोकांनी चांगलं बोलून घेतलंच. मीनाताईंनी आजारी नवऱ्याचं किती केलं, आजच्या काळात असं कोण करतं, वगैरे. एकीला तर हुंदका आवरेना. मी मान खाली घालून बसले होते, कारण मला हसू येत होतं. ताई असती तर तिलाही आलं असतं. माझी बहीण हुशार होती, टापटिपीची होती, तिच्या हाताला चव होती, आणि शेवटची काही वर्षं ती दुष्ट होती. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तिला तसं व्हायला उभा संसार लागला, एवढंच सांगते आहे.

भाऊजी केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर होते. लग्न करून ताई पुण्याहून दिल्लीला आली तेव्हा इतिहासात एम.ए. होती, बोलायला लागली की ऐकत राहावं अशी. भाऊजींची एक सवय होती. चारचौघांत जेवताना ते ताईकडे बघून स्वतःच्या हनुवटीला बोट लावायचे. म्हणजे, तुझ्या तोंडाला काहीतरी लागलंय, पूस. ताई बोलता बोलता थांबायची आणि पदराने हनुवटी पुसायची. सुरुवातीला खरंच काही लागलेलं असेल. पुढे नसायचंच. ती थांबायची, पुसायची, आणि भाऊजी शेजारच्याला कोपराने ढोसून हसायचे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये रविवारी मराठी मंडळी जमायची, तिथल्या कितीतरी लोकांनी हा खेळ पाहिला आहे. त्यातलेच काहीजण शोकसभेत रडत होते.

एकदा मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली होती. मीही होते. दर्शन झालं, फोटो झाले, आणि सगळे पथाऱ्या टाकून जेवायला बसले. कोणीतरी ताईला विचारलं की लढाईच्या त्या दिवशी नक्की काय झालं, आणि ताई सांगायला लागली. डबे उघडे राहिले. मुलं जवळ सरकली. सैन्य उपाशी होतं, उन्हं डोक्यावर आली होती, बुणग्यांचा जमाव मधोमध अडकला होता... ती असं सांगत होती की पोळी हातात धरून माणसं ऐकत होती. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिलेली नाही. भाऊजींनी समोरून हनुवटीला बोट लावलं. ताईचं वाक्य तिथेच तुटलं. तिने पदर उचलला, हनुवटी पुसली, पदराकडे पाहिलं. पदर कोरा होता. "काही नव्हतं," भाऊजी सगळ्यांना म्हणाले. "बघितलंत ना? ट्रेनिंग आहे यार आपलं." लोक हसले. मग कोणी लोणच्याची बाटली मागितली आणि लढाई राहून गेली. त्यानंतर मी ताईला चारचौघांत काही सांगताना ऐकलं नाही.

पेढा त्यांच्या मुलाचा. मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि कुत्रा आईकडे ठेवून गेला, थोड्या दिवसांसाठी म्हणून. भाऊजींना कुत्र्याची किळस होती. काही महिन्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात संधिवाताने आधीच आखडलेला, तो हनुवटीपर्यंत जाई, पण बोटांत रुमाल धरवत नसे. ओठ एका बाजूला उतरला होता, त्यामुळे घास गेला की थोडा बाहेर ओघळायचाच. ताईने सगळं केलं. औषधं वेळेवर, कूस बदलणं, पाठीला पावडर, फिजिओथेरपीवाला. अंगावर एक जखम होऊ दिली नाही. आपल्या हाताने चमच्याने भरवायची. फक्त त्यांचं तोंड पुसायची नाही. दिवसा सुनीता पुसायची. ती संध्याकाळी घरी गेली की रात्रीचं जेवण सकाळपर्यंत त्यांच्या हनुवटीवर असायचं.

आणि त्याच खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोर वेताच्या मोढ्यावर बसून, ती पेढ्याची दाढी करायची. दाढी करायची हा तिचाच शब्द. पांढरी दाढी पांढरी ठेवणं सोपं नसतं. कुत्रं पाणी प्यायलं की दाढी भिजते, लाळ लागते, ओली राहिली की तांबूस डाग धरतो आणि मग तो काही केल्या जात नाही, केस वाढून कापले जाईपर्यंत वाट बघावी लागते. म्हणून दर खाण्यानंतर आणि दर पाण्यानंतर कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन, मग कोरडा नॅपकिन. "पुसण्यापेक्षा कोरडं करणं महत्त्वाचं," असं ती मला शिकवायची. प्लास्टिकचं भांडं काढून तिने स्टीलचं आणलं. बोअरचं पाणी बंद, पेढ्यालाही आरओचं. रोज संध्याकाळी दाढीला चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून, नाकाडोळ्यांत जाऊ न देता, बारीक कंगव्याने विंचरून काढायची. ओठांकडेचे केस गोल टोकाच्या कात्रीने. त्याच्या भातात हळद नाही, कारण हळद चढली की संपलंच. भाऊजींच्या वरणात मात्र हळद भरपूर. त्यांना फिकं वरण आवडत नाही, म्हणायची. न्हावी आठवड्याने यायचा, तोवर भाऊजींची वाढलेली पांढरी दाढी ओठाखाली पिवळी होत जायची. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणायचा, "आई, पेढ्याची दाढी काय मस्त आहे गं, बिल्कुल नवी." ताई पेढ्याला कॅमेऱ्यापुढे उचलून धरायची. मागे भाऊजी दिसत असायचे.

एका संध्याकाळी मी तिथे होते. सुनीता गेली होती. भाऊजींना भरवून झालं होतं आणि पिवळं पाणी हनुवटीवरून गळ्याकडे निघालं होतं. ताई पेढ्याला मांडीवर घेऊन बसली होती. त्याने डोळे मिटून हनुवटी वर केली होती, त्याला ते फार आवडायचं. भाऊजी बराच वेळ बघत होते. मग त्यांनी आखडलेला डावा हात कष्टाने उचलला आणि बोट हनुवटीला लावलं. ताईच्या हातातला कंगवा थांबला. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. कंगवा खाली ठेवला, कमरेचा रुमाल काढला, आणि स्वतःची हनुवटी पुसली. इकडून, तिकडून, व्यवस्थित. रुमाल उलगडून पाहिला, घडी केली, परत खोचला. आणि पेढ्याची दाढी विंचरायला लागली. भाऊजींचं बोट अजून हनुवटीवरच होतं.

मला राहवलं नाही. स्वयंपाकघरात तिला म्हटलं, "ताई, पूस ना गं त्यांचं तोंड. बघवत नाही." ती भांडी विसळत होती. "त्यांनी खूण केली की मी पुसते की," ती म्हणाली. "कधी उशीर केलाय?" आवाजात राग नव्हता. तृप्ती होती, आणि त्या तृप्तीची मला भीती वाटली. बाहेर येऊन मीच भाऊजींचं तोंड पुसायला गेले, तर ती दारातून म्हणाली, "शकू, राहू दे. तो आमच्या दोघांचा प्रश्न आहे." मी राहू दिलं. भाऊजींनी त्यानंतरही खूण करणं सोडलं नाही, हे मला सुनीताकडून कळलं. कधी ना कधी ती पुसेल असं त्यांना वाटत असावं. ताईही दर वेळी रुमाल काढत राहिली, शेवटच्या संध्याकाळपर्यंत.

मुलगा आला, दिवस झाले, परत गेला. आता रात्रीसाठीही बाई ठेवली आहे, आणि पेढ्याला कोण नेणार हे ठरायचं आहे. मी रविवारी जाते. गेल्या रविवारी गेले तर पेढ्याची दाढी गंजल्यासारखी तांबूस झालेली. कोण करणार तिचं? मला पाहून तो भांड्याशी गेला, थोडं पाणी प्यायला, आणि ठिबकत येऊन ताईच्या मोढ्यासमोर बसला. डोळे मिटले, हनुवटी वर केली. मोढा रिकामा होता. तो तसाच बसून राहिला... ताई मेली हे मला तेव्हा कळलं, शोकसभेत नाही.

मी दोरीवरून नॅपकिन आणला आणि मोढ्यावर बसले. तिने शिकवल्याप्रमाणे आधी ओला, मग कोरडा, मग कॉर्नफ्लोअर, मग कंगवा. डाग निघाले नाहीत, पण केस मोकळे झाले. सुनीता खाली औषधं आणायला गेली होती. समोर भाऊजी होते, नुकतेच जेवलेले. दया येते मला त्यांची. खोटं कशाला बोलू, येते. पण त्यांच्याकडे पाहिलं की मला पथारीवर बसलेली ताई दिसते, अर्ध्या वाक्यावर थांबलेली.

भाऊजींनी हात उचलला. हनुवटीला बोट लावलं, आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी पर्समधून रुमाल काढला आणि माझी हनुवटी पुसली. काही लागलेलं नव्हतं.