खानाची दाढी

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर बांगड्या विकणारे मामा आमच्याच गावचे. गावात मुसलमानाचं घर ते एकच. जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकात दरवर्षी खान तेच व्हायचे, मावळ्यांचे फेटेही तेच बांधायचे. प्रत्येक फेटा आधी स्वतःच्या डोक्यावर बांधायचे, आरशात जरा वेळ बघायचे, मग अलगद उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे.

मी एकदा म्हटलं, “मामा, औंदा तुम्हीच मावळा व्हा की.”

“म्हणलो व्हतो. तर म्हणले, मग खान कोण व्हणार?”

खान मेला की टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. नंतर मावळे फेटे मिरवत जत्रेत हिंडायचे. मामा मात्र तोंड धुऊन एकटेच घरी जायचे. त्यांना दाढी नव्हतीच. खानाची दाढी दरवर्षी चिकटवावी लागायची.