एका हाताचा एस्टर

प्रयोगवहीत वेळ, वजन आणि तापमान लिहायचं असतं; कोण काय म्हणालं, याला तिथे रकाना नसतो. त्यामुळे बारामतीच्या आमच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं बोलणं मनातच साचत गेलं. माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पापुरतं तेवढं नोंदवते.

*

यीस्टला साखर खाऊ घालून त्याच्याकडून एक कायरल एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाचं एक संयुग, करवून घ्यायचा होता. आणि कायरल म्हणजे ज्याच्या रेणूचे डाव्या-उजव्या हातांसारखे दोन प्रकार असतात. आम्हाला त्यातला एकच हवा होता. यीस्ट आणायला बेकरीत गेले.

"किती पावांसाठी?" मालकांनी विचारलं.

"पाव नाहीत. एक रेणू बदलायचाय."

त्यांनी यीस्टची पुडी बांधली. "काय बी बदला, पाणी कोमट ठेवा. गरम झालं की मरतंय ते!"

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला दिलेल्या शोधनिबंधाचं सार हेच आहे!"

*

सुट्टीत गावी, वरकुट्याला गेले. "एवढं काय करतीस गं तितं?" आईने विचारलं. मी दोन्ही हात पुढे करून समजावू लागले. डाळिंबावर फवारणी करून ती नुकतीच आली होती. तिने उजवा हातमोजा डाव्या हातात चढवून पाहिला. अंगठा भलतीकडेच गेला.

"ह्येच का?"

हेच! मला त्यासाठी अख्खं सेमिस्टर लागलं होतं.

*

थंडीचे दिवस होते आणि यीस्टला ऊब हवी होती. सकाळी येऊन पाहते तर टेबलावर फ्लास्कच नाही! आमचे प्रयोगशाळा परिचर तात्या डाळज गावचे. त्यांनी तो स्वतःच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवला होता.

"कोंबडी अंड्यावर बसलीय समजा. सारखं उघडून बगू नका!"

थर्मामीटर लावला. बरोबर तीस अंश. वहीत शालीचा उल्लेख करावा का, यावर मी बराच विचार केला. शेवटी केला.

*

माझा सहाध्यायी नीलेश तुलनेसाठी तोच एस्टर यीस्टशिवाय, साध्या रसायनाने करत होता. त्याचं दुपारपर्यंत उरकलं.

"तुझ्या यीस्टचं जेवण चाललंय, इकडं माझी ताटं धुऊन झाली!"

दोन दिवसांनी माझाही एस्टर मिळाला; जेमतेम तीन मिलीलिटर. रेणूची ओळख पटवणाऱ्या यंत्रावर दोन्ही नमुने तपासले. आलेख तंतोतंत सारखे!

"बघ! कशाला एवढे दिवस घालवलेस?"

याचं उत्तर फक्त पोलॅरिमीटर देऊ शकत होता: एकाच हाताचे रेणू असतील तर त्यातून जाणारा प्रकाश आपल्या अक्षाभोवती डावीकडे किंवा उजवीकडे वळतो; दोन्ही हातांचे समसमान मिसळलेले असतील तर वळत नाही. माझा वळला नाही, तर प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून. आणि सादर करायला आठच दिवस उरले होते.

*

आधी नीलेशचा नमुना. आत दिसणाऱ्या वर्तुळाचे दोन्ही अर्धे सारखेच पिवळे. शून्य.

मग माझा. एक अर्धा भाग काळोखा! खात्रीसाठी तीनदा वाचन घेतलं. तिन्ही वेळा उजवीकडेच.

"वळलाय," मॅडम हळूच म्हणाल्या. "तात्या, तुम्हीही बघा."

इतकी वर्षं पोलॅरिमीटरची नळी धुणाऱ्या तात्यांनी पहिल्यांदाच आत डोळा लावला.

"ह्यो आन् नीलेशचा, वास येकच?"

"हो."

"दिसायला बी येकच?"

"हो, तात्या."

"आन् यीस्टला डोळं न्हाईत."

"नाहीत."

"मग मॅडम, डावं-उजवं त्यास्नी शिकवलं कुणी?"

मॅडमनी तात्यांना जरा सरकायला सांगितलं, स्टुलावर बसल्या आणि पुन्हा आत पाहू लागल्या.