मामेसासरे आणि माझे आकडे

मार्चमधल्या एका मंगळवारी अहमदपूरला आमच्या ह्यांचे मामा वारले. सकाळी मोंढ्यात जाऊन आले, जेवले, आडवे झाले, ते उठले नाहीत. गुरुवारी माझ्या रक्ताची तपासणी होती.

या माणसाने उभ्या आयुष्यात एकही आकडा हळू आवाजात उच्चारला नाही. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. तिथे पोत्यांच्या थप्पीपलीकडच्या माणसालाही भाव ऐकू गेला पाहिजे, म्हणून मामांनी चाळीस वर्षांत जो आवाज कमावला होता, तो घरी आल्यावर टोपीबरोबर खुंटीला अडकवून ठेवण्याची सोय नव्हती. मामींनी साखर किती विचारावी आणि मामांनी "दीड!" म्हणावे, की शेजारच्या अंगणातली शेळी उठून उभी राही. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी कुणीतरी त्यांना वेळ विचारली. त्यांनी ती सांगितली आणि भटजींना कडवे पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागले. माझे उलट. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तक टेबलावर ठेवतानाही मी आवाज होऊ देत नाही. अशा बाईच्या शरीरातले आकडे या माणसाच्या तोंडी पडावेत, हा योगच म्हणायचा.

लग्नाला आठ वर्षे झाली तरी मूल होईना, तेव्हा आम्ही लातूरच्या एका दवाखान्यात जायला लागलो. ह्यांच्या शाळेत रजा मिळेना, सासूबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढू देईनात. मी एकटीच जाते हे कळल्यावर मामांनी आमच्या बैठकीत जाहीर केले, "म्या जातो संगं."

सासूबाई ओशाळल्या. "अरे दादा, बायकांचा दवाखाना हाय त्यो. सून हाय ती तुझी."

"असू दे की. मोंढ्यात चाळणीवर समद्या बायाच असत्यात. तिथं काय म्या लाजून राहिलो का?"

तेव्हापासून मी नांदेडहून सहाच्या गाडीत बसे आणि अहमदपूरच्या स्टँडवर मामा चढत. पांढरे धोतर, खांद्यावर उपरणे, हातात माझ्यासाठी मामींनी दिलेल्या धपाट्यांचा डबा. जागेवर यायच्या आधीच, दारातूनच ते विचारीत, "सूनबाई, कितवा दिवस?"

काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कराव्या लागतात, हे त्यांनी पहिल्याच खेपेला पक्के करून घेतले होते. मी दोन बोटे दाखवी. "दुसरा! बरोबर हाय!" मग पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून विचारी, "कशाचा ओ दुसरा?" आणि मी खिडकीबाहेरच्या हरभऱ्याकडे अशी बघत राही, की त्या हरभऱ्यावरच माझा प्रबंध असावा.

शेवटी मी हात जोडले. "मामा, आकडा मोठ्यानं सांगू नका." त्यांनी ते मनावर घेतले. त्या दिवशी मामा माझ्याबरोबर नांदेडपर्यंत आले आणि हे आम्हाला न्यायला तिथल्या स्टँडवर आले होते. मामांनी त्यांचा हात उपरण्याखाली ओढला आणि जुने व्यापारी लपवून सौदा करतात तशी बोटे दाबायला सुरुवात केली. मला किती अंडी उरली आहेत याचा अंदाज देणारा एक हार्मोन असतो, त्याला एएमएच म्हणतात. माझा तो शून्य पॉइंट आठ, म्हणजे फारच कमी आला होता. मामांनी आठ दाबले. ह्यांचा चेहरा उजळला. मामांनी पुन्हा दाबले, पुन्हा आठ. मग उपरणे बाजूला फेकून ते कळवळून ओरडले, "अरे, पॉइंट कसा दाबू? मोंढ्यात पॉइंट नसतो रे!" फलाट तीन, फलाट चार आणि चौकशीच्या खिडकीतला माणूस, सगळ्यांना माझा एएमएच कळला.

पण खरा घोटाळा दुसऱ्या एका आकड्याने केला. एफएसएच नावाचा हार्मोन पहिल्यांदा तपासला तेव्हा नऊ होता, पुढच्या वर्षी चौदा आला. कागद मामांच्या हातात पडला. ज्या माणसाने जन्मभर चढता आकडा म्हणजे दिवाळी एवढेच पाहिले, तो काय करणार? "नऊवरून चौदा! तेजी हाय सूनबाई, तेजी!" मी काही बोलायच्या आत ते खाली गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. नर्स, वॉचमन, बाकावर बसलेल्या सगळ्या बायका. बिलोलीहून आलेल्या एका बाईने पेढा कपाळाला लावून पदरात बांधला. डॉक्टर मॅडमनी आम्हाला आत बोलावले तेव्हा त्यांच्याही टेबलावर एक पेढा होता.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मामा, हा आकडा वाढायला नको असतो. मेंदू अंडाशयाला हाक मारतो. अंडाशयानं ऐकलं नाही की तो आवाज चढवतो. हा आकडा म्हणजे तो आवाज."

परतताना गाडीत मामांनी तो कागद पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला. चाकूर मागे पडले. मग म्हणाले, आणि खरेच हळू म्हणाले, "म्हंजी सोयाबीनमधल्या हवेसारखं. ओल जास्त निघाली की माल मागं. एक आकडा चढाया पायजे, एक उतराया पायजे. म्या येडा, दोन्ही एकाच तागडीत घातले." थोड्या वेळाने त्यांनी खाकरून गळा साफ केला. "आता पेढे तर वाटून झाले. आगाऊ वाटले समज. आपल्याला आता माघार न्हाई."

त्यानंतर त्यांनी मोंढ्यातल्यासारखेच काम सुरू केले. पहिला हुकूम भाच्याला. "दोन्ही पोती उघडून बघितल्याबिगर सौदा होत न्हाई. तुझीबी तपासणी कर." हे लाजले, चिडले, शाळेची परीक्षा पुढे केली. मामा शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले आणि रजेचे कारण आपल्या नेहमीच्या आवाजात सांगू लागले. रजा तिसऱ्या वाक्याला मंजूर झाली.

पुढच्या खेपेला गाडीत ते आठवून मी हसत होते. मामा हसले नाहीत. "सूनबाई, आमच्या येळंला तुझ्या मामीला उदगीर, हैदराबाद, समदीकडं दाखवलं. अंगारे, दोरे, समदं तिच्याच गळ्यात. माझं रगत कुणी काढलं न्हाई. म्याबी म्हणलो न्हाई, काढा म्हणून." एवढे बोलून त्यांनी डबा उघडला आणि धपाटे माझ्यापुढे केले.

मॅडम म्हणाल्या होत्या, "आकड्यांवरून अंडी किती मिळतील याचा अंदाज येतो. मूल होईल की नाही, हे आकडे सांगत नाहीत." मामांना हे वाक्य फार आवडले. ते त्यांनी पाठ केले आणि आमच्या घरी येऊन जो कुणी सुस्कारा टाकील त्याला ऐकवले. बारा दिवस इंजेक्शने झाली. चार अंडी मिळाली, त्यांतून दोन गर्भ तयार झाले. एक गर्भाशयात ठेवायचा, एक गोठवायचा असे ठरले.

"आमच्याकडं शीतगृहात चिंच ठेवतेत, तसं?" मामांनी विचारले.

"त्याहून पुष्कळ थंड," मॅडम म्हणाल्या.

"मग टिकंल," मामा म्हणाले.

गर्भ ठेवल्यावर प्रवासाने काही बिघडत नाही, असे मॅडमनी दोनदा सांगितले. तरी मामा ड्रायव्हरच्या पाठीशी उभे राहिले. "ड्रायव्हरसाहेब, खड्डा बघून! काचंचं सामान हाय!" ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिले, सामान कुठे दिसेना, पण गाडी हळू चालवली. अहमदपूरला उतरताना मामा म्हणाले, "चौदाव्या दिवशी रगत. ध्यानात हाय ना? म्या येतो."

ते बाराव्या दिवशी गेले.

त्या गुरुवारी, माझ्या चौदाव्या दिवशी, राख सावडायची होती. मामांचे घर पाहुण्यांनी भरले होते. सुतकात घरची सून गावाबाहेर जात नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून होते, घड्याळाकडे बघायचे नाही असे ठरवून. मामी भिंतीशी बसल्या होत्या. 

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "साडेआठची गाडी चुकंल."

त्यांच्या थोरल्या जाऊबाई चपापल्या. "अगं, आज तिसरा. आज कुठं धाडतीस तिला?"

"लातूरला. रगत द्यायला. ह्येंनी मला दिवस सांगून ठिवला व्हता." मामींनी पदर सावरला. "सुतक मला लागलंय, तिच्या औषधपाण्याला न्हाई. ऊठ गं."

हे राख सावडायला नदीवर गेले आणि मी स्टँडवर. दुपारी खिडकीतल्या मुलीने कागदाची घडी माझ्या हातात दिली. गर्भ राहिला की रक्तात एक हार्मोन वाढतो; त्याचा आकडा पाचाच्या आत असला तर गर्भ राहिलेला नसतो. माझा दोनही नव्हता. मी तो कागद उभ्याने दोनदा वाचला. मग त्याच मुलीला विचारले, "दुसरा गर्भ कधी ठेवता येईल?" तिने मॅडमना विचारून सांगितले, पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी या.

संध्याकाळी मामींपुढे बसले तेव्हा त्यांनी विचारले, "काय झालं?"

"नाही राहिला, मामी."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अजून एक हाय म्हणत व्हते ना?"

"आहे."

"मग रडून घे आज. उद्या जेव."

मी दोन्ही केले.

आता मे सुरू आहे. मधला एक महिना मॅडमनी विश्रांतीला दिला. घरात आवाज कमी झाला आहे. कधीकधी फोन वाजला की ह्यांचा हात सवयीने तो कानापासून लांब धरतो, मग जवळ नेतो. माझा एएमएच आता पुन्हा तपासलेला नाही, तपासायची गरजही नाही. लातूरला आमचा एक गर्भ आहे. उद्या माझा दुसरा दिवस असेल. मी जाणार आहे.