कॅरियरचा बांबू

सुट्टी संपवून पलटणीत परत जाण्याआधी नवऱ्याने आमच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी कराडहून नवी सायकल आणली. बावीस इंची, मोठ्या माणसाची. मुलगी वाढेल, सायकल वाढणार नाही, असं त्याचं म्हणणं. पाचवीची शाळा तीन मैलांवर होती आणि जूनपासून तिला तिकडे घालायचं आम्ही ठरवलं होतं. पण घरात शब्द थोरल्या दिरांचा. ते म्हणाले, "शिकू द्या. पर एकदा जरी पडून लागलं, तर शाळा बंद. लंगड्या पोरीला कोण करून घेतंय?"

शिकवायचं माझ्यावर आलं. मला स्वतःला सायकल येत नव्हती. आमच्याकडे नवशिक्याच्या कॅरियरला आडवा बांबू बांधत. सायकल कलली की बांबूचं टोक जमिनीला टेकायचं, पोर आपटायचं नाही. लोक बेताचा बांधत. दिरांचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून मी चांगला चार हात लांब बांधला.

पोर चलाख. सीटवर बसून पाय पुरत नव्हते, तर नळीखालून पाय घालून आठवड्यात हाफ पायडल मारायला लागली. कारखान्याच्या रस्त्याच्या कडेला उभी राहून मी बघत होते. समोरून उसाची बैलगाडी आली. मी ओरडले, "कडंनं घे!" तिने घेतली. हँडल गाडीपासून हातभर लांबून गेलं. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात बांबूचं टोक उसाच्या मोळीत घुसलं. सायकल गर्रकन फिरली. मुलगी बैलगाडीच्या चाकाच्या पुढ्यात पडली.

गाडीवानाने कासरा असा ओढला की बैल मागे सरले. चाक तिच्या वेणीपासून वीतभर लांब थांबलं.

"आवं वैनी, ह्यो बांबू हाय का मांडवाचा खांब? पोरगी मारायची हाय व्हय?"

मी पोरीला उठवलं. हनुवटी फुटली होती, गुडघा सोलला होता. पदराने रक्त पुसून तिला घरी आणलं. पोरगी वाटेत म्हणाली, "काकांना सांगू, उंबऱ्यावर पडले." मी म्हटलं, "गप बस." गाडीवान गावचाच, सांगितल्याशिवाय राहणार नव्हता.

दीर सोप्यात बसले होते. मी सरळ सांगितलं, "बांबू लय लांब बांधला. चूक माझी हाय, तिची न्हाई."

"मंग शाळा?"

"बांबू सोडून चालवायला येती का बघा. न्हाई आली तर तुमी म्हणाल तसं."

त्यांनी तिची हनुवटी वर करून बघितली. "उद्या सकाळी," म्हणाले.

सकाळी मुलीने सायकलला हात लावायला नकार दिला. "आई, नको. मला शाळा नको." दीर दारात उभे. मी तिचे हात धरून हँडलवर ठेवले आणि ढकललं. ती रडत होती. तो चेहरा अजून मला आठवायला नको वाटतो. सायकल दोनदा कलली, सावरली, आणि रडत रडतच ती विहिरीच्या वळणापर्यंत गेली.

"जाऊ दे जूनपास्नं," दीर म्हणाले आणि आत गेले.

वळणावर ती उतरली होती. तिथून ती सायकल हातात धरून चालत परत आली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.