न विचारलेला प्रश्न

परीक्षेचा निकाल बघायला मी गुडगावच्या एका सायबर कॅफेत जायचो. तिथे एक बाई नेहमी दाराकडे तोंड करून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची. मला आईशी फोनवर बोलताना ऐकून ती एकदा म्हणाली, "अरे, मराठी ना तू? जरा बघ ना, नवं ईमेल काढतेय."

जुनं तिचा नवरा उघडून वाचायचा. बहिणीला लिहिलेलं वाचून त्याने तिला मारलं होतं. हे तिने स्क्रीनकडे बघतच सांगितलं.

पासवर्ड विसरलात तर ओळख पटवण्यासाठी एक प्रश्न निवडायचा होता.

"आईचं माहेरचं आडनाव?" मी सुचवलं.

"त्यांना माहितीये."

"मग पहिली शाळा?"

"तेही. स्थळ बघताना सगळी चौकशी केली होती ना त्यांच्या घरच्यांनी!"

शेवटी होतं, 'आवडता खेळ'. ती किंचित हसली. "हा घे. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही त्यांनी."

तिने उत्तर लिहिलं, तेव्हा मी मान वळवली. खो-खो असेल का, लंगडी? कुणीतरी तिला हे सहज विचारायला हवं होतं. आता मलाही विचारता येणार नव्हतं.